ब्याऐंशी हजार नऊशेचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ भारतात आला तो ८२,९०० रुपयांना. त्याचा थोरला भाऊ प्रो १,३४,९०० रुपयांना आणि प्रो मॅक्स १,४९,९०० रुपयांना. सॅमसंगचा एस २५ अल्ट्रा त्याच वर्षाच्या सुरुवातीला १,२९,९९९ रुपयांना बाजारात आला होता. आमच्या नववी-दहावीच्या वर्गात आठवडाभर हाच विषय चालला. मुलांना घटक चाचणीची तारीख विचारली तर माना खाली जात, पण प्रोचा नारंगी रंग कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, याची खडान्‌खडा माहिती होती.

मुले फोनचे बोलतात, पालक किमतीचे. पालक सभेला आलेल्या अम्मी-अब्बांनी या वर्षी प्रगतिपुस्तकाइतकाच हा प्रश्न आम्हाला विचारला: एवढे पैसे द्यावेत असे त्यात खरेच काही असते का? ‘कंपन्या लुटतात, दुसरे काय’ असे म्हणून मोकळे होता येते. पण मुलांना ते पटत नाही, कारण ते पूर्ण खरेही नाही. तेव्हा हिशेब मांडलेला बरा.

आधी ८२,९०० मध्ये काय काय आहे ते पाहू. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. १ एप्रिल २०२० पूर्वी तो १२ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा टीव्ही, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाईलही उतरेल म्हणून अनेकांनी खरेदी लांबवली होती, पण मोबाईल होता तिथेच राहिला. म्हणजे ८२,९०० पैकी १२,६४६ रुपये कराचे आणि फोनचे ७०,२५४. अमेरिकेत हाच फोन ७९९ डॉलरला, तिथला विक्रीकर न धरता. त्या वेळच्या दराने सुमारे ७० हजार. थोडक्यात, साध्या सतरामध्ये भारतीय गिऱ्हाइकाला वेगळे काही कापलेले नाही. प्रोचे तसे नाही. कर वजा केला तरी आपल्याकडे तो सुमारे १ लाख १४ हजारांना पडतो आणि अमेरिकेत १,०९९ डॉलर म्हणजे ९७ हजारांच्या आसपास. दुबईत व्हॅट फक्त ५ टक्के. म्हणून तर आखातातल्या मामूला ‘येताना एक घेऊन या’ असे निरोप जातात. मामूने विमानतळावरचा सीमाशुल्काचा नियम आणि वॉरंटीचा कागद दोन्ही पाहून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

‘हा फोन तर आता तामिळनाडूत, कर्नाटकात बनतो, मग स्वस्त का नाही?’ हेही विचारले जाते. इथे मुख्यतः जुळणी होते. चिप तैवानहून येते, पडदा कोरियन कंपन्यांचा असतो. जुळणीची मजुरी हा एकूण खर्चातला लहान भाग आहे.

आता नावाची किंमत. कोल्हापूरकरांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मंचावर आणली, तिची किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि सगळा जिल्हा खवळला. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल चप्पल लाईनीत काही शे ते काही हजार रुपयांत मिळते. चामडे तेच, अंगठा तोच, वर नाव दुसरे. त्या वेळी ‘नावाचे एवढे पैसे?’ म्हणून जी मुले हसत होती, तीच दोन महिन्यांनी फोनच्या मागच्या सफरचंदाकडे डोळे लावून बसली, हेही आम्ही पाहिले.

तरी फोन आणि चप्पल यांत फरक करायला हवा. महागड्या फोनमध्ये नावाखेरीज वस्तूही असते: वेगवान चिप, चांगला कॅमेरा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आयुष्य. स्वस्त फोन तुटून कमी जातात. कंपनी अपडेट देणे थांबवते, अॅप जड होत जातात आणि तीन वर्षांत फोन रडायला लागतो. याउलट नोव्हेंबर २०१७ मध्ये ८९,००० रुपयांना आलेल्या आयफोन एक्सला सप्टेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, नवी प्रणाली मिळत गेली. सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे.

मग सहा वर्षांचा हिशेब करू. ८९,००० भागिले ७२ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे १,२३६ रुपये. पंधरा हजारांचा फोन तीन वर्षे वापरला तर महिन्याला ४१७. आयुष्य धरूनही महाग फोन जवळजवळ तिप्पट पडतो. विकताना त्याचे जास्त पैसे येतात हे खरे, पण सहा वर्षांत एकदा तरी तो हातातून निसटतो हेही खरे, आणि वॉरंटीबाहेर त्याचा डिस्प्ले बदलायला एखाद्या साध्या नव्या फोनपेक्षा जास्त पैसे लागतात.

आमच्या घरातल्या स्त्रियांना मात्र हप्ते आणि टक्क्यांपेक्षा गुजरीतला हिशेब लवकर कळतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये दहा ग्रॅम सोने तीस हजारांच्या आसपास होते. म्हणजे तो आयफोन एक्स तीन तोळ्यांचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तोळा एक लाखाच्या वर गेला. ज्या अम्मीने तेव्हा फोनऐवजी तीन तोळे घेतले असतील, तिच्या डब्यात आज तीन लाखांहून जास्त आहेत. ज्यांनी फोन घेतला, त्यांचा फोन कपाटात चार्जरशेजारी पडला असेल. हे सांगितल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, सोन्याने फोटो काढता येत नाही.’ बरोबर आहे. वापरायची वस्तू आणि साठवायची वस्तू यांची तुलना ताणू नये.

म्हणून खरा प्रश्न आम्हाला वेगळा वाटतो. फोनला एवढी किंमत आहे का, हे विचारून उपयोग नाही. त्या घरात, त्या हातात तो एवढ्या किमतीचे काम करणार आहे का, हे विचारायला हवे. लग्नांचे व्हिडिओ काढणारा तरुण, ऑनलाइन चप्पल विकणारा कारागीर, हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे फोटो परराज्यातल्या व्यापाऱ्यांना पाठवणारा दुकानदार, यांच्यासाठी तो फोन लेथ मशीनसारखा आहे. किती ऑर्डर येतील, किती महिन्यांत पैसे फिटतील, हे ते सांगू शकतात. जीएसटी नोंदणी असेल आणि बिल धंद्याच्या नावावर असेल, तर कराचे १२,६४६ रुपये इनपुट क्रेडिटमध्ये धरता येतात. महाग वस्तू घेणे म्हणजेच इस्राफ, असे कुणी म्हणत असेल तर आम्हाला ते पटत नाही. सूरह फुरकानमध्ये उधळपट्टी आणि कंजूषपणा या दोहोंच्या मधला मार्ग सांगितला आहे, आणि तो प्रत्येक घराच्या मिळकतीप्रमाणे वेगळ्या ठिकाणी येतो.

राहिली बाकीची घरे. तिथे फोनवर काय चालते? व्हॉट्सअॅप, यूट्यूब, यूपीआय, शाळेचे दीक्षा अॅप, नमाजच्या वेळा, गावाकडच्या नानीला व्हिडिओ कॉल. दुधाचे तीस रुपये पंधरा हजारांच्या फोनवरूनही त्याच क्षणी जातात.

या वर्षी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये काम करणाऱ्या एका पालकांची गोष्ट आमच्यापर्यंत आली. पगार बावीस हजार. मुलगा आमचा माजी विद्यार्थी, आता पदवीच्या पहिल्या वर्षाला. मुलीने नर्सिंगला प्रवेश घेतलेला, तिच्या फीचा दुसरा टप्पा दिवाळीनंतर भरायचा. मुलाची अम्मी एक कागद घेऊन शाळेत आली. म्हणाली, ‘बिनव्याज का है बोल्या सर, दुकानवाला. तुम जरा पढके देखो.’

कागद इंग्रजीत होता, अक्षर मुंगीएवढे. आधी बारा महिन्यांची बिनव्याजी योजना दाखवली होती, पण तिचा हप्ता ६,९०८ रुपये बसत होता. तो झेपणार नाही म्हटल्यावर विक्रेत्याने चोवीस महिन्यांचा कागद काढला. ‘बिनव्याज’ हा शब्द तोंडात तसाच राहिला. कागदावर मात्र १६ टक्के लिहिले होते. महिना ४,०५९ रुपये, चोवीस महिने. एकूण सुमारे ९७,४०० रुपये, त्यात साडेचौदा हजार व्याज. बापाच्या पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन वर्षे, आणि मुलीची फी नेमकी त्याच काळात.

आम्ही तिला आकडे मराठीत लिहून दिले. मुलालाही बोलावले. तो म्हणाला, दुकानांची रील बनवून मी हप्ते फेडीन. किती दुकाने ठरली आहेत, असे विचारले तेव्हा एक निघाले, तेही चुलतभावाच्या बेकरीचे. मुलगा खोटारडा नव्हता. त्याला खरेच वाटत होते की फोन आला की काम येईल. बहिणीच्या फीची तारीख मात्र त्याला ठाऊक नव्हती. ती कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

‘बिनव्याजी हप्ता’ म्हणजे काय, हे इथे सांगून टाकतो, कारण सूदपासून दूर राहू पाहणारी कितीतरी घरे या एका शब्दावर विसंबतात. बारा महिन्यांच्या योजनेत बँक साधारण ७६,१४० रुपयांचे कर्ज देते आणि त्यावर सुमारे ६,७६० रुपये व्याज घेते. दोन्हींची बेरीज ८२,९००. व्याजाएवढी सूट कंपनी किंवा दुकानदार देतो, म्हणून गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. व्याज असते, फक्त ते दुसऱ्या रकान्यात असते. क्रेडिट कार्डावर घेतले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,२१७ रुपये, आणि प्रक्रिया शुल्क गिऱ्हाइकाच्या माथी. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. रोखीने घेणाऱ्याने हीच सूट दुकानदाराकडे मागून पाहावी, पुष्कळदा थोडीफार मिळते.

दुकानदाराने स्वतः एक किंमत ठरवून ती हप्त्यांत घेणे आणि वित्तसंस्थेने व्याजाचे कर्ज देणे, हे फिकहच्या नजरेत दोन वेगळे व्यवहार आहेत. कोणता कुठे बसतो हे सांगणे आमचे काम नाही. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. पण विचारायला जाताना करारपत्र सोबत न्या. दुकानदार तोंडी काय म्हणाला यावर मसला विचारू नका. आणि जाता जाता: वापरातल्या फोनवर जकात नाही, पण फोनसाठी साठवलेली रक्कम इतर बचतीसह निसाबाला पोचली आणि वर्ष उलटले, तर तिच्यावर आहे.

एक गोष्ट आम्हाला फोनच्या किमतीपेक्षा जास्त खटकते. मंगनीत नवऱ्या मुलाला फोन देण्याची रीत आता रुळते आहे. पूर्वी घड्याळ दिले जाई. मागितले असे कुणी म्हणत नाही. ‘मुलाला आयफोनची आवड आहे’ एवढेच कानावर घालतात. मुलीचा बाप मग त्याच सोळा टक्क्यांच्या कागदावर सही करतो, आणि मुलगी सासरी नांदायला लागली तरी वर्षभर हप्ता माहेरातून जात राहतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. त्यात फोनचे नाव नसले तरी मौल्यवान वस्तू येतेच. निकाहात मेहर मुलाने द्यायची असते, हे मशिदीत ऐकून बाहेर पडलेली माणसेच हे करतात. अशा फोनची किंमत वसूल होते का, याचा हिशेब मांडायची आमची इच्छा नाही.

फौंड्रीतल्या त्या घरात कागद सहीविना परत गेला. मुलाने आठ दिवस तोंड फुगवले. सध्या तो चुलतभावाच्या फोनवर तीन दुकानांची रील काढून देतो. महिन्याला दोन-तीन हजार सुटतात आणि त्यातून दोन वर्षे जुना पण चांगल्या प्रतीचा फोन रोखीने घ्यायचे त्याच्या मनात आहे. हा विचार आम्हाला पटला. २०२४ चा सात वर्षांच्या वचनाचा फोन आज घेतला तरी त्याचे बरेच आयुष्य शिल्लक असते, आणि पहिल्या मालकाने किमतीची मोठी घसरण आधीच सोसलेली असते.

मात्र जुना फोन घेताना डोळे उघडे हवेत. *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. संदेशात इंग्रजीत केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवला, किंवा सरकारच्या संचार साथीवर तपासला, की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. मूळ बिल मागावे. आयफोनमध्ये बॅटरी किती टक्के उरली आहे आणि कोणते भाग बदलले आहेत, हे सेटिंगमध्येच दिसते. आणि जुन्या मालकाने आपला आयडी आपल्यासमोर काढून द्यायला हवा. ‘उद्या काढून देतो’ म्हणाला, तर फोन परत त्याच्या हातात द्यावा आणि उद्याच यावे.