नवीन द्राक्षबागेत तणनाशके वापरताना घ्यावयाची काळजी

महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत द्राक्षाची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिज किंवा ११० आर यांसारखी खुंटरोपे लावतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास त्यांवर थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस अशा जातींचे कलम करतात आणि पुढील वर्षी थंडी कमी होताच रिकट घेऊन खोड व ओलांडे तयार करतात. म्हणजे पहिले वर्ष-दीड वर्ष वेलीची कोवळी वाढ जमिनीलगतच असते. याच काळात ओळींमधील जमीन उघडी असते, सावली नसते, ठिबकमधून पाणी व खत मिळत असते. त्यामुळे तणेही जोमाने वाढतात.

मजुरांची टंचाई व वाढती मजुरी यांमुळे बागायतदारांचा ओढा तणनाशकांकडे असतो. तथापि, जुन्या बागेत निर्धोक ठरलेले तणनाशक नवीन बागेतही निर्धोक ठरेल असे समजू नये. खुंटरोपे, कलमे, ठिबक व मांडव यांवर मोठा खर्च झालेला असतो. एका चुकीच्या फवारणीने वर्षभराची वाढ वाया जाऊ शकते.

प्रमुख तणे

१) बहुवर्षायु तणे : हराळी, लव्हाळा व कुंदा. ही तणे काशा, गाठी किंवा खोडाच्या तुकड्यांपासून पुन्हा उगवतात.
२) हंगामी रुंद पानांची तणे : गाजरगवत, घोळ, माठ, दुधी, केना, आघाडा इत्यादी.

ही तणे पाणी व अन्नद्रव्यांसाठी वेलीशी स्पर्धा करतात. पावसाळ्यात बुंध्याशी दमटपणा वाढवतात. शिवाय पिठ्या ढेकूण व फुलकिडे यांना काही तणांवर आश्रय मिळतो.

नवीन वेल नाजूक का?

जुन्या वेलीच्या खोडावर जाड, वाळलेली साल असते. तणनाशकाचे थेंब तिच्यावर पडले तरी आत सहसा शिरत नाहीत. नवीन वेलीचे खोड मात्र हिरवे असते. ते पानाप्रमाणेच तणनाशक शोषून घेते. कलमाच्या जोडाखाली खुंटावर येणाऱ्या फुटी हाही एक धोका आहे. त्यांवर आंतरप्रवाही तणनाशक पडल्यास ते मुळांपर्यंत पोहोचते. तसेच नवीन वेलीची बरीचशी मुळे ठिबकच्या ओलीत, जमिनीच्या वरच्या थरात असतात. त्यामुळे जमिनीत राहणारी तणनाशके त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचतात.

कोणत्या तणनाशकाचा काय धोका?

पॅराक्वाट : हे स्पर्शजन्य आहे. जेथे पडते तेवढाच हिरवा भाग करपतो. हराळी-लव्हाळ्याची पाने जळतात, पण काशा व गाठी जिवंत राहून पुन्हा फुटतात. कोवळ्या खोडावर उडाल्यास साल भाजते. हे माणसासाठी अत्यंत विषारी असून पोटात गेल्यास त्यावर खात्रीशीर उतारा नाही.

ग्लायफोसेट : हे आंतरप्रवाही असून पानांतून मुळांपर्यंत जाते. म्हणूनच ते बहुवर्षायु तणांवर प्रभावी आहे आणि म्हणूनच नवीन वेलीला घातक आहे. त्याचा परिणाम काही वेळा लगेच दिसत नाही. पुढील छाटणीनंतर अरुंद, पिवळसर पानांच्या खुरट्या, झुपकेदार फुटी निघतात. भारतात याची शिफारस चहाचे मळे व पीक नसलेले क्षेत्र यांपुरती आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत वापरण्याचा आदेश काढला. नवीन बागेत ते वापरू नये.

डायुरॉन : हे जमिनीवर फवारतात व मुळांवाटे शोषले जाते. हलक्या, मुरमाड व सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीत ते पाण्याबरोबर खाली उतरते. नवीन वेलीची पाने शिरांपासून पिवळी पडू लागतात. पहिली तीन वर्षे ते टाळावे.

ऑक्सिफ्लोरफेन : उगवणाऱ्या तणांवर परिणामकारक आहे. मात्र त्याचे थेंब कोवळ्या पानांवर उडाल्यास डाग पडून पाने करपतात.

शेजारच्या शेतातील २,४-डी

द्राक्षवेल २,४-डीला अतिशय संवेदनशील आहे. अत्यल्प अंशानेही इजा होते. ऊस, गहू, मका व ज्वारीतील रुंद पानांच्या तणांसाठी हे वापरतात. त्यामुळे आपण स्वतः ते न फवारताही बागेचे नुकसान होऊ शकते. याचा इथाइल इस्टर हा प्रकार उडून जाणारा असल्याने उष्ण हवेत त्याची वाफही दूर जाते.

लक्षणे : नवीन पाने लहान व पंख्यासारखी होतात, शिरा एकमेकींजवळ समांतर येतात, पानांच्या कडांचे दाते टोकदार होतात व शेंडा वाकतो. जस्ताच्या कमतरतेशी याची गल्लत होते. परंतु २,४-डीची इजा वाऱ्याच्या दिशेकडील ओळींत जास्त असते आणि बांधावरची रुंद पानांची तणेही पिळवटलेली दिसतात.

यावर उतारा नाही. घाईने छाटणी करू नये. पाणी नियमित द्यावे. नंतरची फूट निरोगी आल्यास तीच बांधून पुढे वाढवावी. लागवडीपूर्वीच शेजारील शेतकऱ्यांशी बोलून ठेवावे, बागेजवळच्या शेतात २,४-डीऐवजी खुरपणीची विनंती करावी. २,४-डी वापरलेला पंप कितीही धुतला तरी द्राक्षबागेत आणू नये.

शिफारस

१) लागवडीपूर्वी उन्हाळ्यात खोल नांगरट करून हराळीच्या काशा व कुंद्याची खोडे वेचून नष्ट करावीत. हे काम चुकल्यास पुढे कोणतेही तणनाशक ते भरून काढत नाही.
२) वेलीच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन फुटांचा पट्टा खुरपणीने स्वच्छ ठेवावा. बोदावर उसाचे पाचट किंवा बगॅसचे आच्छादन करावे. आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये.
३) ओळींमधील जागेत ताग किंवा धैंचा घेऊन फुलोऱ्यापूर्वी गाडावा, अथवा यंत्राने गवत कापावे.
४) तणनाशक वापरणे भागच असल्यास लेबलवर द्राक्षाचे नाव असलेले स्पर्शजन्य तणनाशकच घ्यावे व ते फक्त ओळींच्या मधल्या पट्ट्यात फवारावे. त्याआधी खुंटावरील फुटी काढाव्यात.

मात्रा कशी काढावी?

लेबलवरील मात्रा प्रत्यक्ष फवारलेल्या क्षेत्रासाठी असते, संपूर्ण बागेसाठी नव्हे. ओळींत ९ फूट अंतर असेल व दोन्ही बाजूंस दोन-दोन फूट सोडले, तर फवारणीचा पट्टा ५ फुटांचा राहतो. म्हणजे एक एकर बागेत सुमारे २२ गुंठेच फवारायचे असतात.

उदाहरणार्थ, लेबलवर हेक्टरी २ लिटर तणनाशक ५०० लिटर पाण्यातून दिले असेल, तर एकरी ८०० मिलि व २०० लिटर पाणी होते. म्हणजे गुंठ्यास २० मिलि व ५ लिटर पाणी. २२ गुंठ्यांस ४४० मिलि पुरते. पूर्ण ८०० मिलि वापरल्यास मात्रा जवळजवळ दुप्पट होते.

प्रथम साधे पाणी भरून ५ फूट रुंद व २१८ फूट लांब, म्हणजे एक गुंठ्याचा पट्टा फवारावा व किती पाणी लागले ते मोजावे. ५ लिटर लागल्यास १५ लिटरच्या पंपाला ६० मिलि टाकावे. ७ लिटर लागल्यास ४३ मिलि पुरेसे होते.

फवारणी करताना

१) वारा शांत असताना सकाळी फवारावे. फ्लॅट फॅन नोझलला टोपण लावावे व दाब कमी ठेवावा, म्हणजे बारीक थेंब उडत नाहीत.
२) गढूळ पाणी वापरू नये. पॅराक्वाट मातीच्या कणांना घट्ट चिकटते व निष्प्रभ होते.
३) तणे लहान असतानाच फवारावे. फुलावर आलेल्या तणांसाठी मात्रा वाढवू नये.
४) तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवून त्यावर रंगाने ठळक खूण करावी.
५) हातमोजे, चष्मा, मुखपट्टी व पायांत गमबूट घालावेत. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये.

पहिली दोन वर्षे तणनाशकांचा वापर असा मर्यादित ठेवल्यास खुरपणीचा थोडा खर्च वाढेल. परंतु खोड सरळ, ओलांडे सारखे व वेलींची संख्या पूर्ण राहील. पुढे अनेक वर्षे मिळणारे उत्पादन याच पायावर उभे राहते, हे द्राक्ष बागायतदारांनी लक्षात ठेवावे.