पट्टा चढवला की इंजिन का दबते?

विहिरीवरचे डिझेल इंजिन तुम्ही पाहिले असेलच. आज पुष्कळ विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आहेत. तरी जिथे वीज वेळेवर मिळत नाही, तिथे ही जुनी इंजिने अजून उपयोगी पडतात. त्यांच्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. "रिकामे चालवले तर छान चालते. पंपाचा पट्टा चढवला की दबते, काळा धूर ओकते आणि बंद पडते." असे का होते, आणि अशा वेळी काय करावे, ते आज पाहू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी मळ्यात कांदा करतो. एका वर्षी कांदा पोसायला लागला आणि नेमका तेव्हाच इंजिनाने दम सोडला. वाफे तडकू लागले. एकाने इंजिन पाहून सांगितले, "रिंगा गेल्या. सगळे खोलावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून याने गोठ्यातली पारडी विकायला काढली. बाजाराच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"गुरुजी, काय करू?"

मी म्हणालो, "अरे, मी शाळामास्तर. पण इंजिनाबरोबर पुस्तक आले असेल ना? ते कोणी वाचले का?"

पुस्तक पत्र्याच्या पेटीत तळाला होते. कोणीच वाचले नव्हते. आम्ही ते काढले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आता इंजिनाकडे वळू. समजा, एका बैलाच्या छातीत कफ झाला आहे. रिकाम्या गाडीला तो नीट चालेल. पण गाडीत पोती भरा आणि चढ लागू द्या. लगेच तो धापा टाकील. दुखणे आधीपासूनच होते. ओझे आले तेव्हा ते दिसले. इंजिनाचेही तसेच आहे. म्हणून "रिकामे छान चालते" एवढ्यावरून इंजिन निरोगी आहे असे समजू नये.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा जोराने दाबतो. दाबाने ती हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा येतो आणि पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली असे इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला आणि तेलाला मिळाले.

एक किलो डिझेल पुरते जळायला निदान १४ ते १५ किलो हवा लागते. म्हणजे सुमारे १२ हजार लिटर हवा! ओझे वाढले की गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो. पण तेवढी हवा आत आली नाही, तर डिझेल अर्धवट जळते. त्याचाच काळा धूर होतो. डिझेल जाते, काम मात्र होत नाही.

म्हणून तपासणी बाहेरून आत करावी. बिनखर्चाचे आधी, खर्चाचे शेवटी. हात लावण्याआधी इंजिन बंद करा आणि निवू द्या.

पहिली गोष्ट, ओझे. पट्टा काढा आणि पंप हाताने फिरवून पाहा. जड फिरतो का? मग दोष पंपात असेल. ग्लँड फार आवळली असेल किंवा बेअरिंग धरले असेल. ग्लँडमधून पाण्याचे थोडे थेंब पडलेच पाहिजेत. पट्टाही फार ताणलेला नको.

दुसरी गोष्ट, हवा. हवेची गाळणी उघडा. जुन्या गाळणीच्या तळाशी तेल असते. धूळ त्यात बसते. त्या तेलाचा चिखल झाला असेल तर ते बदला. जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या. नवे तेल खुणेपर्यंतच भरा, वर नको. गाळणी काढून इंजिन चालवण्याची सवय लावू नका. धूळ आत गेली की सिलिंडर झिजतो.

तिसरी गोष्ट, डिझेल. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असते. ते बुजले की डिझेल नीट उतरत नाही. झाकण सैल करून पाहा. इंजिन सुधारले, तर रोग सापडला! टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी काढा. फिल्टर पाहा. नळीत हवा धरली असेल तर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की तो आवळा.

चौथी गोष्ट, धुराची वाट. सायलेन्सरमध्ये काजळी साचते. जळका धूर बाहेर गेला नाही तर नवी हवा आत कशी येणार? सायलेन्सर काढून झाडा.

एवढे करूनही इंजिन दबले, तर नोझल, वाल्व किंवा रिंगा पाहाव्या लागतील. ते जाणत्या मिस्त्रीचे काम. त्याला धुराचा रंग जरूर सांगा. काळा धूर म्हणजे हवा कमी, ओझे जास्त किंवा नोझल खराब. निळा म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे.

दोन गोष्टी मात्र कधी करू नका. जोर वाढावा म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग आवळू नका. इंजिन बेफाम पळाले तर जड चाक फुटते आणि माणूस जातो. तसेच चालत्या इंजिनावर पट्टा चढवू नका. धोतराचा सोगा आणि पदर पट्ट्यापासून लांब ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाणी खोल गेले की काही जण इंजिन विहिरीत उतरवून ठेवतात. हे फार वाईट. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. दबणारे इंजिन तो जास्त सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. पुष्कळ लोक कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळते. पण या विषारी वायूत कंदील जळत राहतो आणि माणूस मात्र कोसळतो! म्हणून कंदिलावर भरवसा ठेवू नका. इंजिन वर, उघड्यावर ठेवा. आत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. एकामागून एक असे जीव गेले आहेत. इंजिन बंद करा, ११२ क्रमांकावर फोन करा आणि दोराने वर ओढता येत असेल तरच ओढा.

आता राहिलेली गोष्ट. माझ्या विद्यार्थ्याची बायको आमच्या रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकली होती. कंदिलाशी पुस्तक धरून, एकेका अक्षरावर बोट ठेवून तिने काळ्या धुराचे पान वाचले. तिथे पहिलाच शब्द होता हवेची गाळणी. सकाळी आम्ही ती उघडली. पावसाळाभर इंजिन बंद होते. तेवढ्यात कुंभारीण माशीने गाळणीच्या तोंडात मातीचे घर बांधले होते. हवेला वाटच नव्हती!

माती काढली, जाळी धुतली, तेल बदलले. पट्टा चढवून इंजिन सुरू केले. ओझे आले तसे ते क्षणभर दबले, आणि मग एका सुरात चालू लागले. पाटात पाणी आले. खर्च झाला फक्त थोड्या तेलाचा.

पारडी बाजाराला गेली नाही. पुढे तिची म्हैस झाली. तिच्या दुधाचा चहा मी प्यालो आहे.