बास माशाची पारध आणि ऋतुमान

इ. स. १९३२ च्या जून महिन्याची दुसरी तारीख होती. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत पाऊस पडून गेल्यामुळें शेतांत वाफसा नव्हता. जॉर्ज पेरी नांवाच्या एका तरुण शेतकऱ्यास त्या दिवशीं औत धरतां येईना; म्हणून तो एका मित्रास बरोबर घेऊन माँटगोमेरी नांवाच्या डोहावर मासे धरावयास गेला. ऑकमल्गी नदीनें आपलें जुनें वळण सोडल्यामुळें मागें राहिलेला असा हा डोह होता. दोघांत मिळून गळाची काठी एक आणि खोटें आमिषही एकच. त्या आमिषास जो बास मासा लागला, त्याचें वजन जवळच्या गांवीं दुकानांतील काट्यावर २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारें १० किलो, भरलें. घरच्या मंडळींनीं तो मासा खाऊन संपविला. परंतु त्याच्या वजनाचा विक्रम पुढें सत्त्याहत्तर वर्षें कोणासही गांठतां आला नाहीं.

ही गोष्ट दैवाची म्हणून सांगितली जाते, आणि तींत दैवाचा भाग होताच. तथापि जो मनुष्य वर्षभर पाण्यावर जातो, तो दैवावर विसंबत नाहीं. आपण ज्याप्रमाणें खरिपाचें बीं मृगांत आणि रब्बीची ज्वारी हस्तांत पेरतों, त्याप्रमाणें तो पाण्याचें उष्णमान पाहून आपली जागा, आमिष आणि वेळ बदलतो. मासा तोच आणि तलावही तोच. परंतु ऋतु पालटला कीं तो कोठें बसतो आणि काय खातो हें पालटतें. हें ज्ञान कसें वापरावें, आणि कोणत्या वेळीं तें हातीं असूनही वापरूं नये, या दोन्ही गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

लार्जमाउथ बास म्हणजे नांवाप्रमाणेंच मोठ्या तोंडाचा मासा. तोंड मिटलें असतां त्याच्या वरच्या जबड्याचें टोंक डोळ्याच्याही मागें जातें. अंग हिरवट असून कुशीवरून काळसर पट्टा गेलेला असतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील संथ, गोडें पाणी हें त्याचें मूळ घर. लहान मासे, बेडूक आणि क्रेफिश नांवाचे झिंग्यासारखे कवचधारी जीव हें त्याचें भक्ष्य. पाठलाग करीत दूरवर जाणें त्यास आवडत नाहीं. आडोशास दबा धरून एका झेपेंत भक्ष्य गिळणें ही त्याची रीत. त्याच्या अंगाची ऊब भोंवतालच्या पाण्याइतकीच असते. पाणी गार झालें कीं त्याचें पचन मंदावतें आणि भूकही कमी होते. त्याच्या वर्षभराच्या हालचालींचा बहुतेक हिशेब या एका गोष्टींत आहे.

उदाहरणादाखल अलाबामा संस्थानांतील गंटर्सव्हिल तलाव घेऊं. टेनेसी नदीवरील याचें धरण १९३९ सालीं पुरें झालें. तलावाचें क्षेत्र सुमारें ६९ हजार एकर असून त्या संस्थानांत याहून मोठा तलाव नाहीं. धरणासाठीं अनेक शेतकरी कुटुंबांस आपल्या काळ्या आईचा निरोप घ्यावा लागला. त्यांच्या वेळचे रस्ते, ओढ्यांचीं पात्रें आणि मूळ नदीची दरड हीं सर्व आज पाण्याखालीं आहेत, आणि बास मासा दबा धरतो तो बहुधा त्यांच्याच आश्रयानें. उथळ भागांत हायड्रिला आणि मिलफॉइल या पाणवनस्पतींचे दाट ताटवे माजलेले असतात. त्यांच्या कडा हीं बासचीं दुसरीं ठिकाणें होत.

हिंवाळा :— डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंत पाणी १० अंश सेंटिग्रेडच्या खालीं जातें. बास अशा वेळीं खोल पाण्याजवळ, जुन्या ओढ्याच्या काठाशीं किंवा पुलाच्या पायथ्याच्या दगडी भरावाशीं थंड पडून असतो. तो खात नाहीं असें नव्हे. पण भक्ष्य तोंडापाशीं आल्याखेरीज हलत नाहीं. म्हणून या ऋतूंत सर्व काम संथ करावें. शिशाच्या डोक्याचा व केसाळ झालरीचा गळ, ज्यास तिकडे जिग म्हणतात, तळाशीं नेऊन वीत-वीत सरकवावा. पाण्याच्या मध्यावर तरंगत राहणारें मासोळीच्या आकाराचें आमिष वापरल्यास एक हिसका द्यावा आणि मग मनांत दहापर्यंत आंकडे मोजून होईपर्यंत स्वस्थ राहावें. उतावळ्या मनुष्यास हा ऋतु रिकाम्या हातानें परत पाठवितो. ओळीनें दोन-तीन दिवस ऊन पडलें असेल, तर दुपारची वेळ साधावी.

वसंतारंभ :— फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाणी ऊब धरूं लागलें कीं मासे खोल पाण्यांतून उथळ पाण्याकडे निघतात. हा प्रवास ठरलेल्या वाटेनें होतो. खाडीच्या तोंडाशीं जमिनीचें जें टोंक पाण्यांत घुसलेलें असतें तेथें त्यांचा पहिला मुक्काम, आणि आंतल्या टोंकाशीं दुसरा. उत्तरेकडील काठास दक्षिणेचें ऊन थेट लागतें व थंड वाऱ्याचा मारा कमी बसतो, म्हणून तें पाणी आधीं तापतें. शोध तेथूनच आरंभावा. या दिवसांत विणीपूर्वीं मासा पोटभर खातो, आणि वर्षांतील अत्यंत वजनदार माद्या याच वेळीं सांपडतात. क्रेफिशसारख्या तांबड्या रंगाचें खुळखुळणारें आमिष पाणगवतावरून ओढावें. तें गवतांत अडकलें कीं झटक्यानें सोडवावें. सुटतांना तें जें उसळतें, त्याच क्षणीं मासा झडप घालतो.

विणीचा काळ :— पाणी १५ ते २० अंशांच्या दरम्यान आलें कीं नर बास कंबरभर किंवा त्याहूनही उथळ पाण्यांत, कठीण तळ पाहून, शेपटीनें गाळ झाडून ताटाएवढी जागा स्वच्छ करतो. हेंच त्याचें घरटें. मादी तेथें हजारों अंडीं घालून निघून जाते. अंडीं फुटेपर्यंतचे दोन-चार दिवस आणि त्यापुढें पिलें हिंडूंफिरूं लागेपर्यंत राखण करतो तो एकटा नर. या काळांत तो फारसें खातही नाहीं. तथापि घरट्यांत कांहींही पडलें कीं तो तें तोंडानें उचलून बाहेर टाकावयास धांवतो. तेव्हां निवळ पाण्यांत डोळ्यांस दिसणाऱ्या त्या पांढुरक्या जागेवर आमिष टाकलें, कीं अगदीं नवशिक्याच्याही गळास मासा लागतो.

येथेंच विचार करावा. हा मासा भुकेनें लागलेला नसून राखणदारीमुळें लागलेला आहे. त्यास वर काढून पुन्हां सोडलें, तरी मधल्या कांहीं मिनिटांत भोंवतीं टपून बसलेले ब्लूगिल मासे घरट्यांत शिरून अंडीं व पिलें फस्त करूं लागतात. तो दूर नेऊन सोडला किंवा टोपलींत घातला, तर ती सगळी वीण गेली असेंच समजावें. थंड प्रदेशांत विणीचा काळ थोडा असल्यामुळें एकदां मोडलेली वीण पुन्हां होण्यास अवसर कमी मिळतो. म्हणून कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांताच्या अनेक भागांत वसंतांत बासची पारधच बंद ठेवतात. अलाबामासारख्या उष्ण प्रदेशांत तशी बंदी नाहीं. तेथें हा प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलेला आहे. राखणीस उभ्या असलेल्या माशास हात न लावणें, हा आमच्या मतें या विद्येंतील पहिला नियम असावा.

उन्हाळा :— मे महिन्यांत शॅड नांवाचे लहान रुपेरी मासे पहांटे दगडी काठाशीं अंडीं घालावयास येतात आणि बास त्यांच्या मागें लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर उडणारें आमिष अशा वेळीं सूर्य वर येईपर्यंत उत्तम चालतें. पुढें ऊन कडक झालें कीं माशांचे दोन तट पडतात. एक तट पाणगवताच्या दाट छायेखालीं शिरतो. त्यासाठीं जड शिसें लावून आमिष गवताच्या चटईंतून थेट खालीं उतरवावें लागतें. दुसरा तट जुन्या नदीपात्राच्या दरडीवर जाऊन बसतो. धरणांतून वीज उत्पन्न करण्यास पाणी सोडलें कीं तलावांत प्रवाह सुरू होतो. तेव्हां हे मासे प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणाऱ्या शॅडची वाट पाहत रांगेनें उभे राहतात. पाणी बंद झालें कीं त्यांचें खाणेंही मंदावतें. म्हणून तेथील अनुभवी लोक घराबाहेर पडण्यापूर्वीं पाणी सुटण्याची वेळ पाहतात. खोल बुडणारें आमिष प्रवाहाच्या दिशेनें दरडीवरून ओढावें. नाहीं तर प्लॅस्टिकचा लांब किडा तळावरून घसटत आणावा. असा मऊ प्लॅस्टिकचा किडा १९४९ सालीं ओहायो संस्थानांतील ॲक्रन येथें निक क्रीम यांनीं प्रथम तयार केला, आणि त्यानें या पारधीची रीतच बदलून टाकली.

शरद्ऋतु :— सप्टेंबरनंतर पाणी निवूं लागतें आणि शॅडचे थवे खाड्यांच्या आंतल्या टोंकांकडे सरकतात. बासही त्यांच्या मागोमाग जातो. या दिवसांत स्थळ शोधण्यापेक्षां शॅड शोधावेत. पाण्यावर शॅड उड्या मारतांना किंवा बगळे काठावर जमलेले दिसले, कीं खूण पटली. पाणगवताच्या चटया अद्याप शाबूत असतात. त्यांवरून रबरी पोकळ बेडूक उड्या मारीत ओढला, तर खालचा मासा गवत फोडून वर येतो. मात्र पाणी उसळलें कीं लगेच हिसका देऊं नये. काठीवर माशाचें वजन जाणवूं द्यावें, मग ओढावें. घाई केली तर बेडूक तेवढा परत येतो.

पकडलेल्या माशाचें काय करावें, याविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. अलाबामांतील रे स्कॉट यांनीं १९६८ सालीं बास धरणाऱ्यांची मोठी संघटना स्थापिली आणि १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासा जिवंत परत सोडण्याचा प्रघात पाडला. सोडावयाचा मासा ओल्या हातानें धरावा, तापलेल्या जमिनीवर ठेवूं नये, आणि मोठा असल्यास जबड्याबरोबर पोटाखालींही आधार द्यावा.

परंतु सोडणें हाच सर्वत्र धर्म आहे असें मात्र नव्हे. याच अलाबामांत ऑबर्न येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर एच. एस. स्विंगल यांनीं १९३० नंतरच्या काळांत शेततळ्यांवर पुष्कळ प्रयोग केले. त्यांचें सार असें कीं, तळ्यांत ब्लूगिल वाढवावयाचे तर त्यांस खाणारा बास पुरेसा असला पाहिजे. धन्यानें सगळे बास काढून खाल्ले, तर ब्लूगिलची पिलावळ इतकी माजते कीं कोणासही पोटभर मिळत नाहीं. मासे बोटाएवढेच राहतात, आणि उरल्यासुरल्या बासचीं अंडींही तेच खातात. तळें माशांनीं भरलेलें आणि ताट मात्र रिकामें, अशी अवस्था होते. उलट बास अतोनात झाले, तर तेच उपाशी व बारीक राहतात आणि कांहीं काढावे लागतात. पिकाची विरळणी आणि गुरांची संख्या यांचा जो न्याय, तोच येथेंही आहे.

पेरीच्या विक्रमाची बरोबरी अखेर २ जुलै १९०९ नव्हे, तर २ जुलै २००९ रोजीं झाली, आणि तीही अमेरिकेंत न होता जपानांतील बिवा सरोवरावर झाली. मानाबू कुरिता यांनीं तेथें धरलेला बास जवळजवळ तितक्याच वजनाचा भरला. मात्र बिवाच्या पाण्यास बास हा परका मासा. मनुष्यानें आणून सोडलेल्या या खादाड पाहुण्यानें तेथील मूळ माशांवर संकट आणलें. म्हणून २००३ सालापासून शिगा प्रांतानें बिवांत पकडलेला बास परत पाण्यांत सोडण्यास मनाई केली, आणि २००५ पासून लागू झालेल्या कायद्यानें हा मासा पाळणें, नेणें व सोडणें यांस सर्व जपानांत बंदी आहे. अलाबामांत जें सत्कृत्य, तें बिवांत अपराध! मासा तोच, त्या पाण्याशीं त्याचें नातें काय, यावर नियम ठरतो.

आपल्याकडे २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळें’ या योजनेनंतर गांवोगांव तळीं झालीं आहेत. एखाद्या हौशी बागाईतदारास असा लढाऊ मासा आपल्याही तळ्यांत असावा असें वाटणें अशक्य नाहीं. त्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, अतिवृष्टींत तळें भरून वाहिलें म्हणजे त्यांतील मासा ओढ्यास व ओढ्यांतून नदीस मिळतो, आणि मग तो परत बोलावतां येत नाहीं. परदेशी थाई मांगूरवर केंद्र सरकारला २००० सालीं बंदी घालावी लागली, हें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. आपल्या तळ्यास रोहू, कटला व मृगळ पुरेसे आहेत.

गळाची हौस असणारास आपली मरळ काय थोडी आहे? तीही आडोशास दबा धरणारी, झेंप घेणारी, आणि बासप्रमाणेंच पिलांची राखण करणारी आहे. पावसाळ्यांत भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांत तिच्या पिलांचा तांबूस थवा पाण्यावर फिरतांना दिसतो, आणि खालीं आईबाप पहारा देत असतात. त्या थव्यांत गळ टाकला तर मरळ हमखास सांपडते, हें जाणत्या मनुष्यास ठाऊक असतें. तो थवा पाहून ज्यानें आपली काठी तशीच खांद्यावर ठेविली आणि पुढची वाट धरली, त्यास पुढील वर्षींही मरळ मिळेल.