दुभाष्याची चूक
कंपायलर म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा दुभाषा. तो चुकला, तर हजारो ओळींचा प्रोग्रॅम त्याच्या कर्त्यांपुढे टाकून भागत नाही. म्हणून मी निम्म्या ओळी वगळून पाहतो. चूक कायम राहिली, तर त्या अनावश्यक होत्या. नाहीशी झाली, तर त्या परत ठेवून दुसऱ्या वगळतो. एकही ओळ काढता येईना, की थांबतो. यूटा विद्यापीठातील जॉन रेगर व सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेले ‘सी-रिड्यूस’ हेच आपोआप करते. मात्र व्हेरिएबलला किंमत देणारी ओळ गेली आणि ते वापरणारी उरली, तर उत्तर काहीही येऊ शकते. आळ मात्र दुभाष्यावर. म्हणून प्रत्येक छाटणीनंतर दोन गोष्टी तपासायच्या: चूक तीच आहे ना, आणि मूळ मजकूर अजून शुद्ध आहे ना?