नागपूरचे दैनिक, जन्म यवतमाळचा!

मोठी दैनिके शहरात निघतात आणि मग गावाकडे येतात, हा नेहमीचा क्रम. ‘लोकमत’ने मात्र उलटा रस्ता धरला. जन्म यवतमाळात, वाढही तिथेच. नागपूर गाठले ते थेट १९७१ मध्ये. उमरखेडकरांनी हे छातीठोकपणे सांगावे, यवतमाळ जिल्हा आपलाच आहे.

नाव ठेवले कोणी? १९१८ साली यवतमाळात वकिली करणाऱ्या बापूजी अण्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. नाव लोकमान्य टिळकांनी सुचवले, असे ‘लोकमत’ परिवार आजवर सांगत आला आहे. टिळकांवरची अण्यांची भक्ती मात्र कोणी सांगायची गरज नाही. या वणीच्या माणसाने उतारवयात टिळकांवर ‘तिलकयशोर्णव’ हे आख्खे महाकाव्य रचले, तेही संस्कृतात! १९६८ मध्ये ते गेले आणि १९७३ मध्ये त्याच ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संपादक, सत्याग्रही, बिहारचे राज्यपाल आणि संस्कृत महाकवी, असा दुसरा माणूस शोधून दाखवा.

संपादक गवत कापतो तेव्हा... वऱ्हाडाला समुद्र नाही, मग मिठाचा कायदा मोडायचा कुठे? अण्यांनी जंगलाचा कायदा निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यातच होते. आपल्या भागातली यापेक्षा मोठी बातमी मला तरी माहीत नाही.

नदी एक, राज्ये दोन. उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली. पैनगंगेपलीकडचे हदगाव निजामाकडे. निजामी राज्यात बाहेरच्या अनेक वर्तमानपत्रांना बंदी असे. नदीच्या अलीकडे उघड्यावर वाचलेला अंक पलीकडे नेणे गुन्हा ठरू शकत होता! हा प्रकार १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत चालला.

दुसरा जन्म. अण्यांचे साप्ताहिक पुढे बंद पडले. १९५३ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी ते यवतमाळातूनच पुन्हा सुरू केले. दर्डा बाभूळगावचे, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगलेले. १९६० पासून अंक आठवड्यातून दोनदा निघू लागला.

काय मुहूर्त! १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरात ‘लोकमत’ दैनिक झाले. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगलादेश मोकळा झाला. नव्या दैनिकाच्या संपादकीय विभागाला याहून भारी सलामी कुठली मिळणार? १९८२ मध्ये औरंगाबादची आवृत्ती निघाली आणि पैनगंगेपलीकडचा मराठवाडाही कवेत आला.

डाक आवृत्तीची गंमत. दूरच्या गावांचा अंक, म्हणजे डाक आवृत्ती, आधी छापून गाडीत घालावा लागे, शहराचा नंतर. त्यामुळे एकाच तारखेच्या, एकाच दैनिकाच्या दोन अंकांत बातम्या वेगळ्या असत. रात्री उशिरा संपलेल्या सामन्याचा निकाल नागपूरकर सकाळी चहाबरोबर वाचत. लांबच्या तालुक्यांत तोच सामना पहिल्या पानावर अजून रंगात आलेला असे. निकालासाठी रेडिओ लावायचा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचा अंक येईपर्यंत थांबायचे.