महाराजांनी मद्रासकडे काय मागितलं?

शाळेच्या इतिहास स्पर्धेसाठी प्रकल्पाचा विषय कोणता घ्यावा? चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलाला विचारलंत तर बहुधा उत्तर येईल, 'शिवाजी महाराज'. प्रेम खरं, पण विषय केवढा! त्यावर लिहायला बसलं की आधी कुणी लिहिलेलंच पुन्हा उतरवलं जातं. आता तोच विषय जरा आवळून बघा. महाराजांनी मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, इंग्रजांकडे काय मागितलं होतं?

हो, खरंच मागितलं होतं! 14 मे 1677 ची नोंद आहे. महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते. मद्रासमधल्या इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात त्यांचा एक ब्राह्मण आणि आणखी दोन माणसं पत्र घेऊन पोचली. मागणी कशाची असेल? तोफांची? दारूगोळ्याची? छे! विषावरचा उतारा आणि अंगात बळ आणणारे औषधी खडे. इंग्रजांच्या कौन्सिलनं ठरवलं की पैसे मागायचे नाहीत, भेट म्हणूनच द्यायचं. वर बागेतली फळंही पाठवली.

हे खडे कसले? बकरीसारख्या प्राण्यांच्या पोटात साठत साठत तयार होणारा खडा विष उतरवतो, अशी तेव्हा पार युरोपपर्यंत समजूत होती. त्याला इतका भाव होता की गोव्यातले जेसुइट पाद्री असे खडे हातानं बनवू लागले, आणि ते सोन्याच्या जाळीदार डब्यांतून श्रीमंतांच्या घरी जात. बघा, कौन्सिलच्या वहीतली छोटीशी नोंद! तिचं टोक धरून ओढलं तर स्वेटरच्या सुटलेल्या धाग्यासारखं वैद्यक, व्यापार, राजांना वाटणारी विषाची भीती, सगळं उलगडत येतं.

त्याच वर्षी पुढे महाराजांनी वेगळीच मागणी केली, ती इंजिनिअरांची. या वेळी मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत नकार दिला. कारण त्यांनी आपल्याच दप्तरात लिहून ठेवलं आहे: दिले तर महाराजांचं बळ वाढेल, आणि गोवळकोंडा व मोगल दोघंही आपले शत्रू होतील. मोगलांचं समजू शकतं. पण गोवळकोंड्याचा कुतुबशहा तर त्या मोहिमेत महाराजांचा दोस्त होता! मग इंग्रजांना त्याची धास्ती का वाटावी? मद्रासच्या जागेसाठी इंग्रज गोवळकोंड्याला वर्षाला 1200 पागोडा (तेव्हाची सोन्याची नाणी) भरत होते, हे इथे कळीचं असेल का? की ही दोस्ती टिकेल यावर इंग्रजांचा विश्वासच नव्हता? माझ्या मते प्रकल्पाचा खरा विषय इथे सापडतो. त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, आणि ते शोधायला कागद शिल्लक आहेत.

कागद कुठे? सेंट जॉर्ज किल्ल्याचं जुनं दप्तर चेन्नईतच, एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात आहे. त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे 1672 ते 1678 या वर्षांच्या नोंदी 1910 मध्ये पुस्तकरूपानं छापल्या गेल्या आणि आज इंटरनेटवरही वाचता येतात. म्हणजे आठवीतली मुलगी घरी बसून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बैठकीचा वृत्तांत वाचू शकते!

किल्ल्यापासून जवळच, जॉर्जटाऊनच्या तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचं मंदिर आहे. महाराज 3 ऑक्टोबर 1677 रोजी इथे दर्शनाला आले होते, असं मंदिराची परंपरा सांगते. परंपरा एकीकडे, दप्तर दुसरीकडे. त्या सुमारास महाराजांचा मुक्काम नेमका कुठे होता? दोन्ही साधनं शेजारी ठेवून पाहणं, हेच तर इतिहासकाराचं काम.

आपल्याच गावातला असा प्रश्न कुठवर नेतो, याचं एक उदाहरण: जर्मनीत 1973 पासून विद्यार्थ्यांची अशीच इतिहास स्पर्धा चालते. तिच्यासाठी पासाऊ गावच्या अ‍ॅना रोसमुस या मुलीनं आपलंच गाव नाझी काळात कसं वागलं हा विषय घेतला. पुढे तिला जुने कागद पाहू देईनात, तेव्हा ती चक्क कोर्टात गेली. गावच्या प्रश्नात एवढी ताकद असते!

तेव्हा स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी मुलांना घेऊन एकदा जॉर्जटाऊनमध्ये फिरून या. विषयाचं शीर्षक त्यांना प्रश्नाच्या रूपात लिहायला सांगा, आणि त्याखाली निदान एका अस्सल कागदाचं नाव. ते जमलं, की विषय ठरला.