अंगणातला फेर

एका ऑक्टोबरात, म्हणजे जपमाळेच्याच महिन्यात, आम्हांस हैदराबादेस एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाकडे राहण्याचा योग आला. मंडळी मूळची मराठवाड्यातील. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा ती परमुलखात गेली असे तरी कसे म्हणावे?

त्या दिवसांत तेथे बतुकम्माची धामधूम होती. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस हा सण चालतो. तरवड, कुर्डू, झेंडू, शेवंती अशी फुले आणून स्त्रिया ताटात थरावर थर रचतात. खाली रुंद, वर निमुळते. माथ्यावर हळदीची गौरी. सायंकाळी तो मनोरा मध्ये ठेवून टाळ्यांच्या ठेक्यावर वाकत-उठत फेर धरतात; एकीने गायचे, इतरांनी झेलायचे. शेवटी फुले तळ्यात सोडतात. आपल्याकडील भोंडला ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे ओळखीचे वाटेल. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले आणि हा राज्याचा उत्सव ठरला.

शेजारणीने घरच्या मुलीस फेरात बोलावले. वडील नको म्हणाले, आई गप्प राहिली, मुलगी डोळे पुसत आत गेली. “फादर, आता तुम्हीच सांगा.”

हळदीची गौरी ही शेजारणींची देवता आहे, शोभेची वस्तू नव्हे. तिच्याभोवती फिरून ‘हा नुसता नाच’ म्हणणे त्यांच्या श्रद्धेशीही अप्रामाणिक आणि आपल्याही. वडिलांचे इतके बरोबर होते. परंतु फेर धरणेच वाईट, असेही त्यांच्या मनात होते; ते आम्हांस मान्य नव्हते. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला, आणि खिडकीतून नाक मुरडणाऱ्या मीखलेचे शास्त्राने कौतुक केलेले नाही. लोकांच्या चालीरीतींत जे भ्रामक समजुतींशी जखडलेले नाही ते शक्य तर जपावे, असे १९६३ साली व्हॅटिकन परिषदेनेही सांगितले आहे.

“मग शेजारणींनाच आपल्या अंगणात बोलवा,” आम्ही म्हणालो.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी, जपमाळ आटोपल्यावर, त्या लेकीबाळींसह आल्या. फेराच्या मध्ये काही ठेवले नव्हते. गाणी शेतीभातीची, सासर-माहेरची. दोन फेऱ्या होतात न होतात तोच घरच्या आजीने पदर खोचला आणि शेजारच्या मुलीचे हात धरून फुगडीस उभी राहिली. आजीस तेलुगू येईना, पोरीस मराठी येईना.

“आई, गुडघे!” वडील ओरडले, आणि उठून त्यांनी वाटेतली बाज बाजूला ओढली.